उलटा वेल

बाबांच्या दाढीच्या आरशाला एक जास्तीचं काम होतं. एरवी तो खिडकीच्या गजाला टांगलेला असे. कधीमधी, बहुतेक रविवारी दुपारी, बाबा तो काढून मांडीवर घेत आणि त्याच्यासमोर एक पुस्तक धरत. बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राचं जाडजूड पाठ्यपुस्तक, पुठ्ठा सुटलेलं, कणा खळीनं चिकटवलेला. पान ठरलेलं. त्या पानावर करांद्याच्या वेलाचं चित्र होतं. मान जरा तिरकी करून ते आरशातल्या वेलाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हां. आता बरोबर आहे."

मला लहानपणी तो खेळ वाटायचा. मीही माझं बालभारती आरशासमोर धरायचे आणि धडा वाचता येत नाही म्हणून हसायचे. बाबा हसत नसत.

चित्र त्यांचंच होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र विभागाचे चित्रकार होते. नेमणुकीच्या कागदावर हुद्दा होता 'आर्टिस्ट-कम-फोटोग्राफर'. आईला कोणी विचारलं, तर ती सांगायची, "पानं काढतात." वर्गात टांगायचे तक्ते, प्राध्यापकांच्या शोधनिबंधांसाठी आकृत्या, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावून काढलेले खोडांचे आडवे छेद, असं सगळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्रकाशकासाठी पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या काढत. चित्रामागे ठरलेले पैसे मिळत, पुस्तकाची एक प्रत मिळे आणि प्रस्तावनेत 'आकृत्या काढून देणाऱ्यांचे आभार' मानलेले असत. 'देणाऱ्यांचे', असं बहुवचन. काढणारे हे एकटेच.

करांदा त्यांनी मुळेच्या काठावरून आणला होता. आम्ही दापोडीला राहायचो. तेव्हा पुलाच्या खालच्या अंगाला झुडपं होती आणि पावसाळ्यात त्यांच्यावर काय काय चढायचं. बाबांनी वेलाचा हातभर तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि पाणी भरलेल्या तांब्यात उभा केला. कागदावर तो उतरायला दोन रात्री लागल्या. बदामाच्या आकाराची पानं, शिरा देठाकडून निघून टोकाशी पुन्हा भेटणाऱ्या, आणि पानांच्या बगलेत लटकलेले ते खडबडीत करांदे. आमची आजी अलिबागकडची. ती ते मीठ घालून उकडायची आणि कडवट लागतात म्हणून आम्ही तोंड वाकडं केलं की म्हणायची, "कडू म्हणजे औषध." तिला चित्रातल्या करांद्यांचं कौतुक नव्हतं. एवढ्याशा चार करांद्यांत कुणाचं पोट भरणार, हा तिचा प्रश्न.

त्या काळी चित्र छापायचं म्हणजे आधी जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. चित्राचा फोटो काढायचा, निगेटिव्ह उलटी करून मसाला लावलेल्या पत्र्यावर ठेवायची, उजेड दाखवायचा आणि मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघ असेल तिथलं जस्त शाबूत राहतं, बाकीचं ॲसिड खातं. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीचा होतो आणि जुळवलेल्या मजकुराशेजारी यंत्रावर चढतो. ब्लॉकवर चित्र उलटं असेल, तरच कागदावर सुलटं उमटतं. निगेटिव्ह उलटी करायची ती यासाठी. करांद्याच्या वेळी ब्लॉक करणाऱ्यांपैकी कोणीतरी ती उलटी करायला विसरलं. भागांची नावं वेगळी, खिळ्यांत जुळवलेली होती, ती सुलटी आली. त्यामुळे काही बिघडलंय हे प्रकाशकाच्या, प्राध्यापकांच्या, विद्यार्थ्यांच्या, कुणाच्याच लक्षात आलं नाही. वेल मात्र दुसऱ्याच अंगानं काठीला वेढे घालत वर गेला.

एवढ्यानं काय बिघडलं, असं मलाही पुढे कित्येक वर्षं वाटायचं. पण करांदा आणि कोनफळ ही एकाच घराण्यातली भावंडं, डायोस्कोरिया प्रजातीची. आणि या घराण्यात वेल कोणत्या अंगानं फिरतो, ही ओळखीची पहिल्या पंगतीतली खूण. कोनफळाचा वेल एका बाजूनं वळतो, करांद्याचा त्याच्या उलट. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, आत उभं राहून बघायचं की बाहेरून, यावर शास्त्रज्ञांनी एकमेकांशी भरपूर वाद घातलेत. वेलांना त्याचं सोयरसुतक नाही, ते आपापल्या अंगानं चढत राहतात. छापलेल्या चित्रात पानं करांद्याची, फळासारखे करांदे करांद्याचेच आणि चाल कोनफळाची, असा काहीतरी तिसराच प्राणी तयार झाला होता. बाबांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघू. पुढच्या तीन आवृत्त्यांत तोच ब्लॉक चढला. मूळ चित्र परत मागितलं तर तेही सापडेना.

"पोरं खोटा वेल शिकतायत," ते म्हणायचे. एवढंच. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

छपाई आणि आरसा यांचं हे नातं फार जुनं आहे, हेही त्यांनीच मला सांगितलं. मी सातवी-आठवीत असेन. कॉलेजच्या वाचनालयातून त्यांनी रेम्ब्रांटच्या छापांचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात एका शंखाचं चित्र होतं, १६५० सालचं. संगमरवरी ठिपक्यांचा कोनशंख, काळ्या पार्श्वभूमीवर एकटाच पडलेला. बाबा म्हणाले, "हा शंख जगात असा नसतो." रेम्ब्रांटनं शंख समोर ठेवला आणि दिसला तसा तांब्याच्या पत्र्यावर काढला. पत्रा छापल्यावर तो आरशातल्यासारखा फिरला आणि शंखाचे वेढे उलट्या दिशेला गेले. गंमत म्हणजे आपली सही त्यानं पत्र्यावर मुद्दाम उलटी काढली होती, म्हणून ती कागदावर सुलटी आली. म्हणजे पठ्ठ्याला माहीत होतं. स्वतःचं नाव त्यानं सरळ करून घेतलं आणि शंखाला तसंच सोडलं.

मग बाबांनी देवघरातला शंख आणला. आजीनं "सोवळ्यातला आहे" म्हणून आरडाओरडा केला. आमचा शंख साधा, वामावर्ती. दक्षिणावर्ती शंख क्वचित सापडतो, तो घरात असला की लक्ष्मी नांदते म्हणतात, आणि त्यापायी लोक फसतातही खूप. बाबांनी आमचा शंख आरशासमोर धरला. "बघ, हा असाच्या असा तांब्यावर काढला आणि छापला की दक्षिणावर्ती होतो. पैसाही लागत नाही." आजी म्हणाली, "मग छापा शंभर आणि आणा लक्ष्मी." तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण बाबा मोठ्यानं हसल्याचे माझ्याकडचे प्रसंग मोजकेच आहेत.

तांब्याच्या पत्र्याची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला नव्यानं सांगायला नको. लग्नात आलेल्या घंगाळावर, कळशीवर नाव घातलेलं असतं. टोकदार छिन्नी, छोटी हातोडी, आणि भांडं मांडीत फिरवत नाव घालणारा माणूस. युरोपातल्या जुन्या वनस्पतिग्रंथांमधली चित्रं जवळपास अशीच कोरलेली. फरक इतकाच, की तिथे हातोडीऐवजी तळहाताचा जोर आणि कोरलेल्या चरीत शाई भरायची. पत्रा पुसून घ्यायचा, वर ओलसर कागद, आणि दाबयंत्रातून काढायचा. कागद चरीत शिरून शाई उचलतो. म्हणून जुन्या छापावर बोट फिरवलं की रेघ किंचित वर आलेली लागते आणि चौफेर पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो. आमच्या घंगाळावर आजीच्या मामांचं नाव आहे, सालासकट. ते ज्यानं घातलं त्याचं नाव कुठल्याच भांड्यावर नसतं. हे बाबा असताना मला कधी सुचलं नाही. ते गेल्यावर तेराव्याला भांडी घासून पालथी घातली होती, तेव्हा सुचलं.

बाबा २०१९च्या आषाढात गेले. त्याआधी पाच-सहा वर्षं हाताला कंप होता. असल्या जस्ताच्या लाइन ब्लॉकला करडा रंग चालत नाही. काळं किंवा काहीच नाही. त्यामुळे सावली दाखवायची तर ठिपक्यांनी. जिथे गडद हवं तिथे दाट, मग विरळ, मग नुसता कागद. ठिपका गोल हवा. निब सरळ टेकवून सरळ उचलायची, जरा ओढली गेली की शेपटी फुटते आणि मग तो ठिपका राहत नाही, किडा होतो. एका पानाला दोन-तीन हजार ठिपके सहज. हात हलायला लागल्यावर एकदा ब्रिस्टल बोर्डवर निब टेकवून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता आपोआप पडतात गं. फक्त कुठे पडतील ते सांगता येत नाही." त्या दिवसानंतर बोर्ड पलंगाखाली गेला.

ते गेल्यावर भेटायला आलेल्यांत विभागातल्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. चहा घेता घेता सहज म्हणाल्या, "तुम्ही मूळचे दापोडीचेच ना? मग सरांना ती दापुरीची चित्रं माहीत असतीलच." बाबांना त्या सर म्हणाल्या, याचंच मला इतकं बरं वाटलं की पुढचं नीट ऐकलंच नाही. रात्री शोधायला बसले. 'दापोडी' लिहून काही सापडेना. इंग्रजांनी गावाचं नाव 'दापुरी' केलं होतं. त्या नावानं शोधल्यावर एडिंबरा निघालं.

आमच्या घरापासून फार लांब नाही अशा जागी एकेकाळी सरकारी वनस्पती उद्यान होतं. पेशव्यांच्या पदरी फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याची कवायती पलटण दापोडीला असे. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली तेव्हा ती पलटण कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाली. फोर्डनं इथे बंगला बांधला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं तो सरकारी निवासासाठी घेतला आणि १८२८मध्ये तिथे बाग सुरू केली. बागेला नाव आलं ते अलेक्झांडर गिब्सनमुळे. हा स्कॉटलंडचा शल्यवैद्य. दख्खनमध्ये देवीची लस टोचत फिरला, म्हणजे इथल्या वाटा आणि झाडं त्याच्या पायाखालची. १८३८पासून बाग त्याच्या हाती आली. जुन्नरकडे हिवऱ्याला त्यानं औषधी वनस्पतींची दुसरी बाग केली. १८४७मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि जंगल तुटलं की पाणी आटतं हे सरकारला लिहून लिहून कळवत राहिला. १८६१मध्ये डालझेल या सहलेखकाबरोबर त्याचं 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक निघालं. तोवर तो मायदेशी परतला होता.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सननं बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. कागदावर जलरंगात, १७०हून थोडी जास्त. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नॉल्टी यांनी ती नीट लावली, माणसं-तारखा जुळवल्या आणि २००२मध्ये त्यांवर पुस्तक केलं. मी ती चित्रं पडद्यावर पाहिली. काही इथली झाडं, काही कुठून कुठून आणून इथल्या मातीत रुजवलेली परदेशी. पांढऱ्या कागदावर फांदी, शेजारी फूल फोडून दाखवलेलं. बाबा काढायचे तशीच मांडणी. आधी अख्खं, मग उघडलेलं.

चित्रकाराचं नाव नाही. कागदपत्रांत तो फक्त 'पोर्तुगीज' आहे. इंग्रज लोक गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसाला सर्रास तसं म्हणत, तेव्हा लिस्बनचा नव्हे, बार्देश-सालसेतकडचा कोणीतरी असावा. त्या सालांत तिथली पोरं स्वयंपाकी म्हणून, वाजंत्री म्हणून, कारकून म्हणून मुंबईकडे येत होतीच, हा चित्रकार म्हणून आला. बंगल्याच्या व्हरांड्यात किंवा माळ्याच्या खोलीशेजारी बसत असेल. रोज सकाळी माळी ताजी फांदी आणून ठेवत असेल, आणि ती दुपारच्या उन्हानं मान टाकायच्या आत त्याला रंग उतरवून घ्यावे लागत असतील. हे मात्र माझ्या पदरचं. फांदी सुकायच्या आत उरकायची ती घाई मी घरात पाहिली आहे, म्हणून बोलायचं धाडस करते. बाबा त्या वेळी जेवायला उठत नसत. आई झाकण ठेवून जायची.

बाग १८६५पर्यंत मोडली. गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीला नेला, जिथे आता विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि बागही पुढे तिकडेच नव्यानं झाली. दापोडीला काय उरलं ते बघायला मी एका रविवारी मुद्दाम हिंडले. एसटीची मोठी कार्यशाळा, लष्कराच्या भिंती, रेल्वे स्टेशन, पुलावरची गर्दी, पवना मुळेला मिळते तिथला वास. स्टेशनाबाहेर एक बऱ्याच वयाचे आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, इथे पूर्वी बाग होती का, झाडांची, सरकारी? त्यांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "ताई, ते दापोलीला. कोकणात. तुम्ही गाडी चुकलात." मी बरं म्हणाले. जन्म दापोडीत गेला आणि गाडी चुकले असं पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

बाबांना हे माहीत होतं का? माहीत असतं तर बोलले असते. बहुधा नव्हतंच. चाळीस वर्षं ते लोकलनं जाऊन कॉलेजात पानं काढत होते आणि घरी येऊन उरलेली पानं काढत होते. त्यांच्या बसण्याच्या जागेपासून जवळच दीडशे वर्षांपूर्वी एक माणूस त्याच कामाला बसला होता, दोघांचीही नावं लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला लागला नाही.

सगळ्याच चित्रकारांचं असं झालं नाही, हेही मग कळलं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट नावाचा गिब्सनसारखाच स्कॉटिश वैद्य होता. त्याच्या 'इकोनेस' या ग्रंथाच्या सहा खंडांत, १८३८ ते १८५३ या काळात, २१०१ शिलाछाप चित्रं निघाली. चित्रं काढणारे आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू. वाइटनं चित्रांवर त्यांची नावं छापली. एवढंच नाही, तर एका ऑर्किडच्या प्रजातीला त्यानं गोविंदूचं नाव दिलं, 'गोविंदूइया'. हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि आईला सांगायला गेले. आई म्हणाली, "मग? आहे का ते फूल अजून?" फूल आहे. नाव राहिलं नाही. शास्त्रज्ञांनी पुढे ती वनस्पती 'ट्रॉपिडिया' या आधीच्या प्रजातीत घातली, आणि गोविंदू जुन्या नावांच्या यादीत, तिरप्या अक्षरांत, जाऊन बसला. आईनं "हं" केलं आणि भाजी ढवळायला लागली.

आणि 'होर्टुस मालाबारिकुस'. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या झाडांवर करवून घेतलेला बारा खंडांचा ग्रंथ, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि तीन कोंकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित, अपू भट. ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्या तिघांची १६७५ सालची साक्ष आहे, नागरीत. चित्रांवरही झाडांची नावं मलयाळी आणि अरबी अक्षरांच्या जोडीला नागरीत कोरलेली आहेत. मी ती पानं पडद्यावर मोठी करून करून पाहिली. अक्षरं ओबडधोबड, कुठे काना सुटलेला वाटतो, कुठे शिरोरेघ तुटकी. ती कोरणाऱ्या डच कारागिराला नागरी वाचता येत असण्याचा संभव नाही. त्याच्यापुढे कागद होता, त्यावर वेलबुट्टीसारखं काहीतरी होतं, आणि ते त्याला तांब्यावर उजवीकडून डावीकडे, उलटं, कोरायचं होतं. ती अक्षरं आज सुलटी वाचता येतात. अनोळखी लिपी त्यानं जपून उलटी केली. आमच्याकडे पुण्यात एका ओळखीच्या वेलाचं तेवढं झालं नाही.

आता ब्लॉकचं सांगते. हे आधीच सांगायला हवं होतं.

नव्वदच्या पुढेमागे छपाई ऑफसेटवर गेली. प्रकाशकाकडे पोटमाळ्यावर जस्ताचे ब्लॉक रचून ठेवलेले होते, ते त्यानं भंगारात काढले. बाबांना कुणीतरी सांगितलं. ते कॉलेजातून परस्पर तिकडे गेले. पोत्यांत भरून ब्लॉक तराजूवर चढत होते. लाकूड सोडवून पत्रा वेगळा करायचा एक पोऱ्या बसला होता. बाबांनी आपले ब्लॉक मागितले. प्रकाशक म्हणाला, बघा त्यात असतील तर. तासभर हुडकून त्यांना एकच सापडला आणि तो त्यांनी भंगाराच्या भावानं विकत घेतला, काहीतरी दोन-अडीच रुपयांना. घरी येऊन आईला म्हणाले, "लक्ष्मी आली." आईला काही कळलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते आणि मला घरात यायला रोज उशीर व्हायचा.

त्यानंतर आरसा खिडकीवरून उतरला नाही. म्हणजे दाढीला होता, पुस्तकाला नाही. मी ते पाहिलं होतं, पण मनाशी म्हटलं होतं, आता वय झालं, सोडून दिला नाद.

गेल्या दिवाळीआधी आवरताना त्यांच्या ट्रंकेत तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडलं तर करांद्याचा ब्लॉक. ठोकळा एका कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेला, जस्तावर जुन्या शाईचा काळा थर. खिडकीशी जाऊन तिरपा धरला तेव्हा रेघा दिसायला लागल्या. पानं, शिरा, करांद्यांवरचे ठिपके, प्रत्येक ठिपका टोकाशी चमकणारा. ते ठिपके बोटाला लागतात, चिमटीत रवा धरावा तसे.

मी बराच वेळ नुसती बघत बसले आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग उठून ते फाटकं पुस्तक काढलं. मग आरसाही काढला, त्याचा पारा कडेनं उडालाय. पान आरशासमोर धरलं आणि ब्लॉक आरशाशेजारी. आरशातला वेल आणि जस्तावरचा वेल एकाच अंगानं चढत होते.

निगेटिव्ह उलटी करायची राहिली होती ना. म्हणजे जस्तावर चित्र सुलटं होतं. छापलं की चुकत होतं, प्रत्येक वेळी, चार आवृत्त्या, प्रत्येक पोराच्या पुस्तकात. पण न छापलेल्या पत्र्यावर वेल पहिल्या दिवसापासून बाबांनी काढला तसाच वळत होता. मूळ कागद गेला तो गेला. सुलटा करांदा उरला तो या तळहाताएवढ्या जस्तावर. त्यांना तराजूशी बसून पोतं उपसतानाच ते दिसलं असणार. शाईनं माखलेला असला तरी त्यांच्या डोळ्यांना वेळ लागला नसेल.

"काय मिळालं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"बाबांचा करांदा."

ती हात पुसत आली. तिनं ब्लॉक हातात घेतला, वजन पाहिलं, उलटून मागचं लाकूड पाहिलं, खिळे मोजल्यासारखं केलं. रॉकेल लावून शाई काढू या का, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "राहू दे. त्यांनी काढली असती नाहीतर." मग तो पेपर तिनं मांडीवर सपाट केला, त्याच्या जुन्या घड्या कुठून पडल्या होत्या ते बघितलं आणि त्याच घड्यांवर तो परत गुंडाळला.